फुप्फुसाच्या कर्करोगाचा आतड्यातील प्रसार

फुप्फुसाच्या कर्करोगाच्या पेशी रक्तावाटे किंवा लसिकावाहिन्यांतून आतड्याच्या भित्तीत पोहोचून तेथे दुय्यम गाठी निर्माण करतात, त्यास फुप्फुसाच्या कर्करोगाचा आतड्यातील प्रसार म्हणतात. हा कर्करोग मुख्यतः मेंदू, हाडे, यकृत व अधिवृक्क ग्रंथी यांत पसरतो. आतड्यातील प्रसार रुग्णाच्या हयातीत क्वचितच ध्यानात येतो. शवविच्छेदनांच्या काही अभ्यासांत मात्र १० टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या पचनमार्गात अशा गाठी आढळल्या आहेत. लहान आतडे, त्यातही मध्यांत्र, अधिक बाधित होते.

गुंतागुंती

गाठ वाढून तिचा रक्तपुरवठा अपुरा पडला की मधला भाग मृत होतो आणि आतड्याला छिद्र पडते. भित्तीची पूर्ण जाडी व्यापलेली गाठ उपचारांमुळे वितळू लागली तरी हेच घडू शकते. बेव्हॅसिझुमॅब या औषधाने आतड्यात गाठ नसतानाही छिद्राचा धोका वाढतो. आंत्ररोध, आतड्याचा एक भाग दुसऱ्यात शिरणे (आंत्रांत्रनिवेश) आणि काळ्या शौचावाटे रक्तस्राव होऊन रक्तक्षय होणे, या अन्य गुंतागुंती होत.

निदान

पोटदुखी, मळमळ व बद्धकोष्ठ ही लक्षणे केमोथेरपी किंवा मॉर्फिनचा परिणाम समजली जातात. मेंदूतील सूज कमी करण्यासाठी डेक्सामेथासोन चालू असल्यास ताप आणि पोटाचा ताठरपणा झाकला जातो, त्यामुळे पर्युदरशोथ होऊनही पोट मऊ लागू शकते. म्हणून अशा रुग्णाच्या नव्या पोटदुखीत सीटी स्कॅन लांबणीवर टाकू नये. उभ्याने काढलेल्या क्ष-किरण चित्रात मध्यपटलाखाली हवा न दिसल्याने छिद्र नाही असे ठरत नाही. गाठीचा उगम फुप्फुसातील आहे का, हे ठरविण्यास ऊतक तपासणीतील टीटीएफ-१ हे चिन्हक उपयोगी पडते. शल्कपेशी प्रकारात ते बहुधा नकारात्मक असते.

शस्त्रक्रिया

छिद्र असल्यास गाठीसह आतड्याचा तो भाग कापून टोके जोडतात. कर्करोगग्रस्त ऊतकात टाके टिकत नसल्याने नुसते छिद्र शिवणे सहसा पुरत नाही. पोटात जंतुसंसर्ग फार पसरला असेल किंवा रक्तदाब घसरलेला असेल, तर टोके पोटावर स्टोमा म्हणून बाहेर काढली जातात. मध्यांत्राच्या वरच्या भागातील स्टोमातून पाणी व क्षार इतके वाहून जातात की तो शक्यतो टाळतात. आंत्ररोधात प्रथम नाकातून नळी व शिरेवाटे द्रव दिले जातात. नंतर बाधित भाग काढतात किंवा त्याला वळसा घालणारी जोडणी करतात. अनेक ठिकाणी अडथळे किंवा जलोदर असल्यास शस्त्रक्रियेऐवजी ऑक्ट्रिओटाइड व जठरातून निचरा करणारी नळी हे मार्ग अधिक योग्य ठरतात.

बेव्हॅसिझुमॅबमुळे जखम भरण्यास विलंब होतो. म्हणून नियोजित शस्त्रक्रियेपूर्वी ते किमान २८ दिवस थांबवतात. तातडीच्या शस्त्रक्रियेत ही सवड नसते.

छिद्र पडलेल्या रुग्णांचे आयुष्य शस्त्रक्रियेनंतरही बहुधा काही आठवडे ते काही महिनेच असते. एकच गाठ पूर्णपणे काढता आलेले आणि ईजीएफआर किंवा एएलके जनुकांतील बदलांवर लक्ष्यित औषध घेऊ शकणारे काही रुग्ण अधिक काळ जगतात. कर्करोग बरा करणे हा शस्त्रक्रियेचा हेतू नसल्याने स्टोमा, कृत्रिम श्वसन आणि अतिदक्षता विभागातील संभाव्य मुक्काम यांविषयी रुग्णाची इच्छा आधीच विचारणे आवश्यक असते. शस्त्रक्रिया नाकारणाऱ्या रुग्णास वेदनाशमन व परिहारक उपचार दिले जातात.