वर्णमालेचा पूर्वेकडील प्रवास

पूर्वीच्या पश्चिम खानदेश जिल्ह्यातील नवापूर तालुक्यात, सुरत-धुळे हमरस्त्यावर वसलेल्या विसरवाडीच्या शाळेत जे मूल आज बाराखडी घोकते, ते उद्या जपानी काताकाना शिकू लागले, तर त्या परक्या लिपीच्या अनुक्रमात त्याला आपल्याच वर्णमालेचा सांगाडा आढळेल. इ.स. ७३६ मध्ये बोधिसेन हा भारतीय भिक्षू जपानास पोहोचला. ८०६ मध्ये कूकाई हा जपानी भिक्षू चीनहून परतला तो ब्राह्मीकुलोत्पन्न सिद्धम् लिपीचे अध्ययन घेऊन. आणि त्याच शतकात, चिनी ग्रंथांच्या ओळींलगत उच्चार टिपण्याच्या निकडीतून, भिक्षूंनी चिनी अक्षरांचे अवयव वेगळे काढून काताकाना घडविली. अक्षरांचे देह चिनी खरे, परंतु पुढे त्यांना मांडणी लाभली ती सिद्धम्-अध्ययनातून: अ, इ, उ, ए, ओ हे स्वर आणि क, स, त, न, ह, म, य, र, व या ओळी. ‘प’च्या स्थानी ‘ह’ का, हे कोडे मोठे मनोज्ञ आहे. प्राचीन जपानीत त्या ओळीचा उच्चार ‘प’ असाच होता, आणि ‘स’चाही ‘च’च्या निकटचा असावा, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात; उच्चार पालटले, अनुक्रमाचे दप्तर मात्र जागचे हलले नाही. पुण्याच्या रानडे इन्स्टिट्यूटमध्ये जपानी शिकणाऱ्या मराठी विद्यार्थ्याला हा इतिहास पहिल्याच पाठात सांगितला जावा, असे मला आग्रहाने वाटते.