एक रिमोट, दोन गाड्या

नागपूरच्या एका शाळेत विज्ञान प्रदर्शनाचे परीक्षक म्हणून आम्ही गेलो होतो, त्याला बरीच वर्षे झाली. सातवीतल्या एका मुलाने बर्डीवरून आणलेल्या रिमोटच्या मोटारीपुढे पत्र्याचे फावडे बसवून कचरा लोटणारे यंत्र केले होते. तो समजावून सांगत असतानाच गाडी आपणहून सुटली आणि टेबलावरून खाली पडली. फावडे वाकले, मुलगा रडवेला झाला. आमच्या चमूने 'नियंत्रण सदोष' असा शेरा लिहून गुण कापले. खाली आमचीही सही होती. बाहेर पडताना पाहिले, तर शेजारच्या वर्गात दुसरा मुलगा तशाच गाडीचा रिमोट दाबत उभा होता.

दोष त्या मुलाचा नव्हता. यंत्राने हुकूम ऐकावा, पण फक्त आपल्याच धन्याचा, हा प्रश्न बिनतारी विद्येइतकाच जुना आहे.

१८९५ साली जगदीशचंद्र बोस यांनी कलकत्त्याच्या टाऊन हॉलमध्ये भिंतींपलीकडून विद्युतचुंबकीय लहरी पाठवून घंटा वाजवली आणि दारू उडवली. त्या घंटेला कोणाची लहर आली हे कळत नव्हते. लहर आली एवढेच पुरे होते. तीन वर्षांनी न्यूयॉर्कच्या प्रदर्शनात निकोला टेस्लाने पाण्याच्या हौदात बिनतारी हुकुमाने चालणारी छोटी नाव दाखवली. ८ नोव्हेंबर १८९८ रोजी तिचे पेटंट मिळाले. लहर पोचली की नावेतली चकती एक पायरी पुढे सरके आणि त्याप्रमाणे सुकाणू वळे. पाहणाऱ्यांना ही जादू वाटली. टेस्लाला मात्र वेगळीच काळजी होती: दुसऱ्या कोणी लहर सोडली तर? पुढे त्याने दोन वेगवेगळ्या वारंवारता एकाच वेळी आल्या तरच यंत्र हलेल, अशी योजना मांडली. एका कुलपाला दोन किल्ल्या, तसा हा प्रकार. आमच्या मते नाव चालवण्यापेक्षाही हा विचार मोठा होता. गाडीच्या बाबतीत मान स्पेनच्या तोर्रेस केवेदो यांना द्यायला हवा. त्यांनी आपले 'टेलेकिनो' १९०३ मध्ये पॅरिसच्या विज्ञान अकादमीपुढे मांडले आणि तीनचाकी गाडीवर त्याचा प्रयोगही केला.

हौशी लोकांच्या हाती गाडी यायला साठ वर्षे लागली. १९६६ मध्ये एका इटालियन कंपनीने फेरारीची बिनतारी प्रतिकृती विकायला काढली आणि १९७६ मध्ये जपानच्या तामियाने बाराव्या हिश्श्याच्या मापाची विजेवर चालणारी पोर्शे आणली. आपल्याकडे तेव्हा रेडिओ नुसता ऐकायचा तरी पोस्टात पैसे भरून परवाना काढावा लागे. १९३३ च्या कायद्याप्रमाणे बिनतारी उपकरण परवान्याशिवाय जवळ बाळगणे गुन्हा होता. प्रेषक खोलून बघण्याची सवय आमच्या पिढीला लागली नाही, ती उगीच नाही.

आता त्या पडलेल्या गाडीकडे वळू. त्या काळी नागपूरला आकाशवाणीचे १५६६ किलोहर्ट्झवरचे १० लाख वॅटचे प्रचंड प्रक्षेपक होते. त्याने मुलाची गाडी हलली नाही. हलली ती वॅटच्या लहानशा अंशावर चालणाऱ्या शेजारच्या खेळण्याने. कारण दोन्ही खेळणी २७ मेगाहर्ट्झच्या पट्ट्यातली, म्हणजे प्रक्षेपकाच्या सतरापट वारंवारतेची. ताकदीपेक्षा मेळ महत्त्वाचा, हे याहून चांगले कसे दाखवता येईल?

बरे, खेळण्याची भाषाही ठरलेली. अशा अनेक स्वस्त गाड्यांतली चिप आधी चार लांब स्पंद सोडते, मग हुकुमाचे छोटे स्पंद: पुढे जायला १०, मागे यायला ४०, डावीकडे ५८, उजवीकडे ६४. ग्राहक ते फक्त मोजतो. कोणी पाठवले, हे सांगायला त्या भाषेत शब्दच नाही. महागड्या छंदी रिमोटमध्ये म्हणून रंगाने ओळखायचे स्फटिक असत: २६.९९५ मेगाहर्ट्झला तपकिरी, २७.०४५ ला लाल, २७.०९५ ला नारिंगी. मैदानावर उतरण्यापूर्वी आपला रंग दुसऱ्या कोणाकडे नाही ना, हे विचारण्याचा शिष्टाचार होता.

यातून सुटका करणारी कल्पना अनपेक्षित ठिकाणाहून आली. अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना १९४२ मध्ये एक पेटंट मिळाले. पाणतीर बिनतारीने चालवायचा, पण वारंवारता सतत बदलत ठेवायची. कशी बदलायची हे फक्त दोन टोकांना ठाऊक. शत्रूला मध्येच घुसता येऊ नये हा हेतू. आज २.४ गिगाहर्ट्झचे अनेक रिमोट अशाच उड्या मारतात आणि ग्राहकाला एकदा आपल्या प्रेषकाचा क्रमांक ओळखायला शिकवावे लागते. भारतात या पट्ट्यातली कमी शक्तीची उपकरणे २००५ मध्ये परवान्यातून मुक्त झाली.

सुरुवात करायची तर नवी गाडी घेण्याची घाई नको. घरोघरी मोडक्या गाड्या पडलेल्या असतात. २७ मेगाहर्ट्झच्या दोन आणि २.४ गिगाहर्ट्झची एक जमवा. पहिल्या दोन एका रिमोटवर चालतात का पाहा. मग पट्टीने अँटेना मोजू द्या. २७ मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ११ मीटर, तिचा चतुर्थांश पावणेतीन मीटर. खेळण्यावरची तार त्यापुढे अगदीच तोकडी, म्हणून आत तारेचे वेटोळे जोडून उणीव भरून काढलेली असते. २.४ गिगाहर्ट्झचा चतुर्थांश जेमतेम ३ सेंटिमीटर. शेवटी गाडी पत्र्याच्या डब्यात ठेवून झाकण लावा, रिमोट दाबा आणि चाकांचा आवाज येतो का ते कान लावून ऐका. डब्याला किती फट ठेवली की गाडी पुन्हा ऐकू लागते, हे दोन्ही प्रकारच्या गाड्यांसाठी मुलांना वहीत लिहू द्या. उत्तरे सारखी येणार नाहीत.