एडिंबरो शहराचीं खुलीं गोल्फ-मैदानें : वहिवाट, सनद व मालकी

मोठ्या शहराच्या आसपास सर्वांस खुलें असें चांगलें गोल्फचें मैदान कोठें मिळेल, हा प्रश्न वरवर पाहतां केवळ करमणुकीचा वाटतो. परंतु त्याचा मागोवा घेऊं लागलें म्हणजे जमिनीची मालकी, लोकांची वहिवाट, नगरसभेचे अधिकार व निरनिराळ्या वर्गांचे परस्परसंबंध यांचा विचार करणें प्राप्त होतें, आणि मग तो निखालस इतिहासाचा प्रश्न बनतो. या खेळाचे जुने कागद स्कॉटलंडांत विपुल आहेत, व त्यांतील पुष्कळ त्या देशाची राजधानी जी एडिंबरो तिच्याशीं निगडित आहेत. म्हणून प्रस्तुत विवेचन मुख्यतः त्या एका शहरापुरतें केलें आहे. मैदान खुलें राहतें तें नुसत्या वहिवाटीनें, कीं सनदेनें, कीं मालकीनें, हा त्यांतील मुख्य मुद्दा होय.

प्रथम अस्सल पुराव्याकडे वळूं. दुसऱ्या जेम्स राजाच्या कारकीर्दींत, इ. स. १४५७ मध्यें, स्कॉटलंडच्या पार्लमेंटानें फुटबॉल व गोल्फ हे दोन्ही खेळ बंद करून लोकांनीं तिरंदाजीचा सराव करावा असा कायदा केला. हाच निर्बंध १४७१ व १४९१ मध्यें पुन्हां घालावा लागला. जी मनाई तीनदां करावी लागते ती पाळली जात नव्हती, हें उघड आहे. शिवाय ज्यांनीं लढाईंत धनुष्य धरावयाचें त्या सामान्य रयतेसाठीं ती असल्यामुळें, हा खेळ केवळ दरबारी मंडळींपुरता नव्हता असेंहि तीवरून निष्पन्न होतें. पुढें १५०२ मध्यें चौथ्या जेम्सनें पर्थ येथील धनुष्यें करणाऱ्या कारागिराकडून गोल्फच्या काठ्या विकत घेतल्याची नोंद राजाच्या खजिन्याच्या हिशेबांत आहे. म्हणजे मनाई करणाऱ्यांच्याच घरांत खेळ शिरला होता. एडिंबरोच्या नगरसभेनें १५९२ मध्यें लीथ येथें रविवारीं गोल्फ खेळण्यास बंदी केली. ही बंदी वाराची होती, जागेची नव्हती, हें ध्यानांत ठेवण्यासारखें आहे.

आतां जागेचें स्वरूप पाहूं. स्कॉटलंडांत ‘लिंक्स’ म्हणतात ती समुद्रकांठची वाळूमिश्रित, आंखूड गवताची व नांगरास निरुपयोगी जमीन होय. आपल्याकडील गायरानाप्रमाणें तिच्यावर एकाच वेळीं अनेकांचे हक्क चालत. कोणी गुरें चारी, कोणी कपडे वाळत घाली, कोणी चेंडू टोलवी. हे हक्क बहुधा तोंडींच असत. परंतु क्वचित् त्यांस लेखाचा आधार मिळे. एडिंबरोच्या उत्तरेस फोर्थच्या खाडीपलीकडे सेंट अँड्र्यूज म्हणून गांव आहे. तेथील आर्चबिशप जॉन हॅमिल्टन यास लिंक्सवर ससे पाळण्याची मोकळीक १५५२ मध्यें मिळाली, तेव्हां त्याच लेखांत गांवकऱ्यांचा त्या जमिनीवर गोल्फ व इतर खेळ खेळण्याचा हक्क मान्य करण्यांत आला. सामायिक जमिनीवरील खेळास हक्काचें स्वरूप देणारा इतका स्पष्ट जुना कागद विरळा.

एडिंबरोस असा लेख खेळासाठीं नव्हता. तेथें वहिवाट होती. लीथच्या मैदानासंबंधानें एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. १६८१-८२ च्या सुमारास यॉर्कचा ड्यूक (जो पुढें गादीवर बसला) यानें जॉन पॅटर्सन नांवाच्या चांभारास भिडू घेऊन दोन इंग्रज सरदारांविरुद्ध सामना जिंकला, व मिळालेल्या पैशांतून पॅटर्सननें कॅननगेट रस्त्यावर घर बांधलें, अशी ती कथा आहे. बखरींतील कथांप्रमाणें हिचाहि तपशील जसाच्या तसा स्वीकारण्याचें कारण नाहीं. मात्र राजपुत्र व चांभार एकाच मैदानावर खेळूं शकतात ही गोष्ट ऐकणारांस असंभाव्य वाटली नाहीं, एवढा निष्कर्ष तींतून निःशंकपणें काढतां येतो.

१७४४ मध्यें नगरसभेनें लीथवरील सामन्यासाठीं रुपेरी काठी बक्षीस दिली. त्या प्रसंगीं खेळाचे १३ नियम लिहून काढण्यांत आले, व जॉन रॅट्रे हा शस्त्रवैद्य विजयी झाला. ‘ऑनरेबल कंपनी’ या नांवानें पुढें प्रसिद्धीस आलेल्या मंडळीचा हा आरंभ होय. येथें एक भेद स्पष्ट केला पाहिजे. मंडळी खासगी होती, तिचे सभासद निवडक होते, १७६८ मध्यें तिनें स्वतःची इमारतहि बांधली. परंतु ज्या पांच खळग्यांवर ती खेळे तें मैदान तिचें नव्हतें.

हा भेद एकोणिसाव्या शतकांत परिणामकारक ठरला. पूर्वीं चेंडू चामड्यांत पिसें ठांसून करीत. तो महाग असे व लवकर फुटे. १८४८ च्या सुमारास मलायांतून येणाऱ्या गटापर्चा नामक झाडाच्या चिकाचा चेंडू प्रचारांत आला. तो स्वस्त व टिकाऊ असल्यामुळें खेळणारांची संख्या वाढली. तत्पूर्वींच, आर्थिक अडचण व लीथवरील गर्दी यांमुळें, ऑनरेबल कंपनीनें १८३६ मध्यें पूर्वेकडील मसलबरोचा आश्रय घेतला होता. शहराच्या दक्षिणेकडील ब्रंट्सफील्डच्या मैदानावर खेळणाऱ्या दोन जुन्या मंडळ्याहि कालांतरानें तेथेंच गेल्या.

मसलबरोचें मैदान अवघ्या ९ खळग्यांचें, पण तेथें सर्व थरांतील लोक खेळत. तेथील मंडळीच्या डिसेंबर १८१० च्या इतिवृत्तांत, येत्या १ जानेवारीस मासळी विकणाऱ्या स्त्रियांपैकीं जी उत्तम खेळेल तिला नवी करंडी व शाल द्यावी, असा ठराव आहे. कोळिणींच्या खेळाची दखल घेणारा हा कागद अनेक राजाज्ञांहून मोलाचा आहे. याच मैदानावर १८७४ ते १८८९ या काळांत खुली अजिंक्यपदाची स्पर्धा सहा वेळां झाली. पुढें १८९१ मध्यें ऑनरेबल कंपनीनें मुइरफील्ड येथें आपलें स्वतंत्र मैदान केलें, व त्याच दशकांत इतर मंडळ्यांनींहि आपापल्या जागा पाहिल्या. ज्यांच्याजवळ द्रव्य होतें त्यांस निराळें मैदान मिळालें. राहिलेल्या नागरिकांचें काय?

त्यांच्या बाजूस दोन गोष्टी होत्या. ब्रंट्सफील्ड हें शहराच्या जुन्या माळाचें अवशिष्ट अंग असून १८२७ च्या कायद्यानें त्यावर इमारती बांधण्यास प्रतिबंध झाला होता. भोंवतीं घरें उठलीं तरी मैदान राहिलें तें या लेखामुळें. परंतु दाट वस्तींत लांब टोला वाटसरूंस धोक्याचा होऊं लागला. तेव्हां १८८९ मध्यें नगरसभेनें दक्षिणेकडील ब्रेड टेकड्या विकत घेऊन तेथें सार्वजनिक मैदान सुरू केलें. ज्या संस्थेनें १५९२ मध्यें खेळास आळा घातला, तिनेंच तीन शतकांनीं त्याकरितां जमीन खरेदी केली. पूर्वीं वहिवाटीनें जें मिळे तें आतां मालकीनें राखावें लागलें.

हाच खेळ स्कॉच लोकांबरोबर हिंदुस्थानांत आला. कलकत्त्यास १८२९ मध्यें व मुंबईस १८४२ मध्यें गोल्फच्या मंडळ्या निघाल्या. समुद्र ओलांडून मंडळी आली, नियम आले; लिंक्सवरील सामायिक हक्क मात्र मागेंच राहिला, कारण तो त्या भूमीशीं जखडलेला होता.

सारांश, आज लीथच्या मैदानावर गोल्फ होत नाहीं. तेथील कीर्ति सर्वांत मोठी, पण ती मैदानास राखूं शकली नाहीं. ब्रंट्सफील्डवर आंखूड खळग्यांचा खेळ चालतो. मसलबरोचे ९ खळगे घोड्यांच्या शर्यतीच्या वर्तुळांत अद्यापि सर्वांस खुले आहेत, व ब्रेड टेकड्यांवरील मैदान सार्वजनिकच आहे. म्हणून शहराजवळ चांगलें खुलें मैदान शोधणारानें प्रथम मंडळीची ख्याति पाहूं नये. जमीन कोणाची, ती मोकळी ठेवण्याचा लेख कोणता, व तिची निगा कोण राखतो, हे तीन प्रश्न त्यानें विचारावे. एडिंबरोच्या कागदपत्रांवरून तरी हेंच दिसतें कीं, सर्वांची म्हणून जी जागा मानली जाते ती सर्वांची राहण्यास कोणीतरी तिचा कागद जपून ठेवावा लागतो.