वापोरेत्तो

वापोरेत्तो ही इटलीतील व्हेनिस शहराच्या सार्वजनिक जलवाहतूक सेवेतील प्रवासी बोट आहे. इटालियन भाषेत या शब्दाचा अर्थ ‘लहान आगबोट’ असा होतो. वाफेवरील बोटी बंद झाल्यानंतरही हेच नाव रूढ राहिले.

इतिहास

ग्रँड कॅनाल या मुख्य कालव्यावर ही सेवा १८८१ साली सुरू झाली. उपजीविका बुडण्याच्या भीतीने गोंडोला चालवणाऱ्या नावाड्यांनी त्याच वर्षी संप पुकारला होता.

मार्ग व तिकीट

मोटारी व बसगाड्या जुन्या शहराच्या पश्चिम टोकावरील पियाझ्झाले रोमा या चौकापर्यंतच येतात. तेथून पुढे पायी किंवा जलमार्गाने जावे लागते. क्रमांक १ ची बोट तेथून रिआल्तो व सान मार्कोमार्गे लिदो बेटावर जाते व वाटेतील बहुतेक धक्क्यांवर थांबते. क्रमांक २ चे थांबे कमी आहेत. पर्यटकांचे साधे तिकीट ७५ मिनिटे वैध असते. बोटीत चढण्यापूर्वी धक्क्यावरील यंत्रावर तिकिटाची नोंद करणे बंधनकारक असून, तसे न केल्यास दंड होतो. स्थानिक रहिवाशांना प्रवासभाड्यात मोठी सवलत मिळते.

पर्यावरणीय परिणाम

मोटारबोटींमुळे उठणाऱ्या लाटांनी कालव्याकाठच्या इमारतींच्या पायाची झीज होते. त्यामुळे कालव्यांत वेगमर्यादा लागू आहे.