ट्रॅव्हल नर्सना ऐनवेळी दुसऱ्या हॉस्पिटलमध्ये का पाठवतात? काय आहे अमेरिकेतलं 'फ्लोटिंग'?

समजा, अमेरिकेतल्या एका हॉस्पिटलमध्ये नर्सची रात्रीची ड्युटी सुरू होणार आहे. तेवढ्यात सुपरवायझर सांगतात, 'आज इथे पेशंट कमी आहेत, तुम्ही आमच्या दुसऱ्या हॉस्पिटलला जा.' ते हॉस्पिटल ४० किलोमीटरवर आहे. तिथलं औषधांचं कपाट कुठे आहे, कॉम्प्युटरचा लॉगिन चालेल का, अडचण आली तर कोणाला विचारायचं, यातलं तिला काहीच माहीत नाही. तिने जायलाच हवं का?

ट्रॅव्हल नर्स म्हणजे कोण?

नर्सची कमतरता असेल तिथे एजन्सीमार्फत ठरावीक मुदतीसाठी काम करणारी नर्स म्हणजे ट्रॅव्हल नर्स. हा करार साधारण १३ आठवड्यांचा असतो. पगारासोबत बरेचदा राहण्या-जेवणाचा भत्ताही मिळतो. कोरोनाच्या काळात त्यांची मागणी आणि मानधन दोन्ही झपाट्याने वाढलं होतं.

फ्लोटिंग म्हणजे काय?

गरजेनुसार नर्सला नेहमीच्या वॉर्डऐवजी दुसरीकडे पाठवणं म्हणजे 'फ्लोटिंग'. अनेक हॉस्पिटल एकाच मोठ्या समूहाच्या मालकीची असतात. त्यामुळे फक्त वॉर्डच नाही, तर कधी कधी हॉस्पिटलही बदलतं. ट्रॅव्हल नर्स कायमस्वरूपी कर्मचारी नसल्याने अनेक ठिकाणी पहिला नंबर तिचाच लागतो.

यात धोका काय?

कागदावर नर्सची संख्या पूर्ण दिसते, पण नर्स त्या विभागासाठी तयार असेलच असं नाही. कॅलिफोर्नियात २००४ पासून एका नर्सकडे किती पेशंट असावेत, याची मर्यादा लागू आहे. आयसीयूत एका नर्समागे जास्तीत जास्त दोन पेशंट. मात्र आकडा जुळला म्हणजे झालं, असं नाही. त्या विभागाची ओळख करून दिल्याशिवाय आणि तिथलं काम येतं याची खात्री केल्याशिवाय नर्सला तिथे नेमता येत नाही.

नर्स नकार देऊ शकते का?

याचं पहिलं उत्तर करारात असतं. त्यात फ्लोटिंगची अट मान्य केली असेल, तर नकार दिल्यावर करार रद्द होऊ शकतो. पेशंटची जबाबदारी घेतल्यानंतर मध्येच निघून गेल्यास थेट लायसन्सवर कारवाई होऊ शकते. त्यामुळे आक्षेप जबाबदारी घेण्याआधीच नोंदवणं महत्त्वाचं ठरतं.

टेक्सासमध्ये यासाठी 'सेफ हार्बर' ही तरतूद आहे. दिलेलं काम पेशंटसाठी असुरक्षित वाटलं, तर नर्स तशी लेखी नोंद करू शकते. ही नोंद प्रामाणिकपणे केली असेल, तर तिला सूडाच्या कारवाईपासून संरक्षण मिळतं.

प्रवासाच्या वेळेचे पैसे मिळतात का?

अमेरिकेच्या केंद्रीय कामगार कायद्यानुसार, ड्युटी सुरू झाल्यावर एका ठिकाणाहून दुसऱ्या ठिकाणी जाण्यात गेलेला वेळ कामाचा धरला जातो. घरून कामावर जाण्याचा नेहमीचा प्रवास मात्र त्यात येत नाही. म्हणूनच निरोप घरी असताना आला की ड्युटीवर हजर झाल्यावर, यावर बरंच काही अवलंबून असतं.

लायसन्सचं काय?

दुसरं हॉस्पिटल शेजारच्या राज्यात असेल, तर तिथलं लायसन्सही लागतं. चाळीसहून अधिक राज्यांनी एकत्र येऊन एकाच लायसन्सवर काम करण्याची सोय केली आहे, पण कॅलिफोर्निया त्यात नाही.

सही करण्याआधी काय तपासावं?

- कोणत्या हॉस्पिटलमध्ये पाठवणार, त्यांची नावं आणि कमाल अंतर
- कोणत्या विभागात पाठवणार
- तिथे ओरिएंटेशन मिळणार का
- प्रवासखर्च कोण देणार
- पेशंट कमी असले तरी ठरलेल्या तासांचे पैसे मिळणार का

एजन्सीने फोनवर दिलेलं आश्वासन पुढे सिद्ध करणं अवघड असतं. म्हणून 'गरजेनुसार कुठेही' असे मोघम शब्द करारात दिसले, तर सही करण्याआधीच ते बदलून घेणं नर्सच्या आणि पेशंटच्याही हिताचं आहे.