जणू कापसात : सुखासीन जगण्याचा चेक वाक्प्रचार

‘याको व बावल्न्त्से’ हा चेक भाषेतील रोजच्या बोलण्यातला वाक्प्रचार आहे. त्याचा शब्दशः अर्थ ‘जणू कापसात’. कष्टाची वा अभावाची झळ न लागता सुखात जगणे किंवा वाढणे, या अर्थाने तो वापरला जातो. १ मे २००४ रोजी चेक प्रजासत्ताक युरोपीय संघात दाखल झाले आणि ब्रिटनने त्याच दिवसापासून नव्या सदस्य देशांतील कामगारांना आपली दारे खुली केली. तेव्हापासून येथील कार्यालयांत, रुग्णालयांत आणि शाळांत चेक भाषक सहकारी भेटणे नवलाचे राहिले नाही. मँचेस्टरमधील मराठी माणसासाठी मात्र या वाक्प्रचाराला आणखी एक संदर्भ आहे. हे शहर कापसावर उभे राहिले आणि त्या कापसाशी वऱ्हाडाचाही संबंध आला.

व्युत्पत्ती व घडण

‘बावल्ना’ म्हणजे कापूस. हा शब्द मध्ययुगीन जर्मन भाषेतील ‘झाडाची लोकर’ अशा अर्थाच्या शब्दावरून चेकमध्ये आला. भारतात झाडांवर लोकर येते, असे ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याने इसवी सनापूर्वी पाचव्या शतकातच लिहून ठेवले होते. ‘बावल्न्का’ हे ‘बावल्ना’चे लघुत्वदर्शक, लाडिक रूप. चेकमधील ‘व’ हे आपल्या सप्तमीच्या ‘त’ प्रत्ययाचे काम करते. फरक इतकाच, की ते नामाच्या आधी येते. मराठीत ‘कापूस’चे ‘कापसात’ होताना जसे मूळ शब्दाचे रूप पालटते, तसेच येथे ‘बावल्न्का’चे ‘बावल्न्त्से’ होते.

उच्चारात दोन गोष्टी मराठी माणसाला अनुकूल आहेत. ‘त्स’ हा ध्वनी ‘चोर’ आणि ‘चूल’ या शब्दांतील दंत्य ‘च’च्या अगदी जवळचा आहे, इंग्रजी भाषकाला शब्दाच्या आरंभी तो जड जातो, मराठी जिभेला नाही. दुसरी गोष्ट म्हणजे ‘बावल्ना’तील ‘ल’ येथे स्वराचे काम करतो. आपल्या वर्णमालेतील ‘ऌ’ हा स्वर ‘क्लृप्ती’सारख्या एखाद्या शब्दापुरताच उरला आहे; त्याचा उच्चारही आज ‘लु’ असाच होतो. चेकमध्ये तो प्रकार अजून जिवंत आहे. आघात नेहमी पहिल्या अक्षरावर द्यावा.

वापर

सुखवस्तू माणूस ‘जणू कापसात जगतो’. लाडाकोडात वाढलेले मूल ‘कापसात वाढते’. आणि एखाद्याला अतिशय जपले, तर त्याला ‘कापसात ठेवले’ असे म्हणतात. येथे नवशिक्याने सावध राहावे. मराठीत ‘तळहातावरच्या फोडासारखे जपले’ असे म्हटले, तर त्यात जपणाऱ्याचे कौतुक असते. चेक वाक्प्रचारात बहुधा एक बारीक टोचणी असते : याला जगाचे चटके ठाऊक नाहीत. म्हणून स्वतःविषयी तो खुशाल वापरावा, सहकाऱ्याच्या मुलांविषयी वापरू नये.

निव्वळ मजेत असल्याचे सांगण्यासाठी चेक माणसाकडे दुसरा, अधिक रांगडा वाक्प्रचार आहे : ‘राईच्या शेतातल्या डुकरासारखे मजेत असणे’. राई म्हणजे येथे मोहरी नव्हे, तर गव्हासारखे एक धान्य. उभ्या पिकात शिरलेल्या डुकराला खायला भरपूर आणि लपायलाही जागा, ही त्यामागची कल्पना. मराठी कानाला तो अपमान वाटेल. चेक बोलण्यात तो थट्टेचा, स्वतःविषयीही सहज वापरला जाणारा शब्दप्रयोग आहे. ‘पाचही बोटे तुपात’ ही त्याची मराठी बहीण म्हणता येईल.

मँचेस्टर आणि कापूस

चेक भाषेत मँचेस्टर हे नाव कपड्यातही शिरले आहे. तेथे कॉर्डरॉय कापडाला ‘मानशेस्तर’ म्हणतात आणि लोकरीच्या गिरण्यांमुळे ब्रनो शहराला ‘मोरावियाचे मँचेस्टर’ ही उपाधी मिळाली, जशी आपल्याकडे इचलकरंजीला ‘महाराष्ट्राचे मँचेस्टर’ ही मिळाली.

खुद्द मँचेस्टरमध्ये मात्र कापसात जगणे म्हणजे सुख नव्हते. गिरण्यांत लहान मुले चालू यंत्रांखाली शिरून सांडलेला कापूस गोळा करीत. पिंजण खात्यातील तंतूंची धूळ वर्षानुवर्षे श्वासावाटे जाऊन कामगारांना ‘बिसिनोसिस’ हा फुप्फुसांचा विकार जडे. १८६१ ते १८६५ या काळात अमेरिकेतील यादवी युद्धामुळे तेथील कापूस येणे थांबले आणि लँकेशायरच्या गिरण्या भारतीय कापसाकडे वळल्या. आखूड धाग्याचा हा ‘सुरती’ कापूस वारंवार तुटे. मजुरी उत्पादनावर ठरत असल्याने कामगारांचे हाल होत. ‘सुरत’ हा शब्दच तेथे निकृष्ट मालासाठी वापरला जाऊ लागला. मुंबईत त्याच कापसावर अमाप पैसा आला आणि युद्ध संपताच, १८६५ मध्ये, बाजार कोसळून अनेक पेढ्या बुडाल्या. पुढे १८७० मध्ये खामगावपर्यंत रेल्वेचा फाटा पोहोचला, तो वऱ्हाडातील कापूस बंदरापर्यंत लवकर नेता यावा म्हणून.

मँचेस्टरच्या रॉयल एक्स्चेंजमधील कापसाचे व्यवहार १९६८ मध्ये थांबले. अखेरच्या दिवसाचे भाव दाखवणारा फलक तेथे आजही आहे आणि त्याच दालनात १९७६ पासून नाट्यगृह चालते. अँकोट्समधील जुन्या गिरण्यांच्या सदनिका झाल्या असून तेथे सुशिक्षित नोकरदार वर्ग राहतो. ज्या मजल्यांवर कापसाच्या धुळीत बारा-बारा तास उभे राहावे लागे, तेथे आज मुले खऱ्या अर्थाने ‘जणू कापसात’ वाढतात. चेक सहकाऱ्याच्या तोंडी हा वाक्प्रचार आला, की त्यातील ऊब लगेच कळते. त्यातील टोचणी कळण्यासाठी तो कापूस कोणी पिकवला, वेचला आणि कातला हे आठवावे लागते.