रुमालाखालचा भाव

आमच्या अमेरिकेतल्या नातेवाईक मंडळींत एक काळ असा होता, की कुणी सहलीहून परत आलं की "काय काय पाहिलंत?" याच्या आधी "हॉटेल केवढ्याला मिळालं?" हा प्रश्न यायचा. आणि उत्तर देणाऱ्याच्या चेहऱ्यावर किल्ला सर केल्याचा आनंद! आम्ही दोघं मुलाकडे गेलो होतो तेव्हा त्यानंही ही बोली मला शेजारी बसवून दाखवली. मी जन्मभर इतिहास शिकवला. शाहूपुरीत राहणाऱ्या बाईला ती पाहून गुळाचा सौदा आठवला नसता तरच नवल.

आधी ती बोली कशी असायची ते सांगते, कारण नव्या पिढीला ती ठाऊक नसेल. प्राइसलाइन नावाच्या कंपनीनं १९९८ साली 'तुमचा भाव तुम्हीच सांगा' अशी सोय सुरू केली. आपण शहर, त्यातला भाग, तारखा आणि हॉटेल किती तारांकित हवं ते निवडायचं. मग एका रात्रीचे किती डॉलर देणार ते लिहायचं आणि क्रेडिट कार्डाचा नंबर आधीच देऊन टाकायचा. भाव मान्य झाला तर पैसे लगेच कापले जात, आणि हॉटेलचं नाव त्यानंतरच कळे! नाव कळल्यावर 'नको' म्हणायची सोय नाही, पैसे परत नाहीत. भाव नाकारला गेला तर भाग किंवा दर्जा बदलून पुन्हा बोली लावायची, नाहीतर दुसऱ्या दिवसापर्यंत थांबायचं.

हॉटेलवाल्याला हे का परवडायचं? ते कळायला अमेरिकेला जायची गरज नाही. आमच्या स्टेशनाजवळच्या लॉजवर रात्री उशिरा अंबाबाईच्या दर्शनाला आलेलं कुटुंब उभं राहिलं, की मॅनेजर बोर्डावरच्या दरापेक्षा थोडं खाली येतोच. आजची रिकामी खोली उद्या विकता येत नाही. गूळ निदान काही दिवस राखता येतो, तोही पावसाळी हवेत पाघळायला लागतो. रिकामी रात्र मात्र सकाळ झाली की संपलीच. पण दर उघडपणे उतरवला तर पूर्ण पैसे देणारं गिऱ्हाईकही तोच दर मागणार. म्हणून नाव झाकायचं. माल तोच, पण पाटी झाकलेली.

आता आमच्या पेठेकडे येऊ. मिरज-कोल्हापूर रेल्वे १८९१ साली सुरू झाली आणि १८९५ साली शाहू महाराजांनी स्टेशनजवळ ही व्यापारी पेठ वसवली. शाहूपुरी वाढली ती मुख्यत्वे गुळावर. पुढे गुळाचा बाजार मार्केट यार्डात गेला. आजही दिवाळीच्या पाडव्याला तिथं मुहूर्ताचा सौदा निघतो. रव्यांच्या थप्प्या लावलेल्या असतात, व्यापारी माल पाहतात, रंग बघतात, तुकडा तोंडात टाकतात आणि मोठ्यानं बोली होते. शेतकरी शेजारी उभा असतो. कुणी किती म्हटलं ते त्याच्या कानावर पडतं.

हे मोठ्यानं बोलणं आपल्याला साधं वाटतं, पण ते फुकट मिळालेलं नाही. पूर्वी देशातल्या अनेक बाजारांत 'हत्ता' चालायचा. दलाल आणि व्यापारी रुमालाखाली किंवा उपरण्याखाली हात घालून बोटांच्या खुणांनी भाव ठरवत. ज्याचा माल त्या शेतकऱ्याला दिसायचा तो फक्त हलणारा रुमाल! आत काय ठरलं ते दलाल सांगेल तेच खरं. वर अडत, तोलाई, हमाली आणि नाना तऱ्हेच्या कपाती. शाही कृषी आयोगानं १९२८ च्या अहवालात नियंत्रित बाजारांची शिफारस केली. मुंबई प्रांताचा बाजार कायदा १९३९ साली आला आणि महाराष्ट्राचा १९६३ साली. उघड लिलाव हा नियंत्रित बाजाराचा कणाच ठरला. बाजार समित्यांविषयी तक्रारी आजही आहेत, पण रुमाल गेला ही लहान गोष्ट नव्हे.

मुलाला हे सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "आई, इथं फसवणूक कुठंय? भाव तर मीच सांगतो." खरं आहे. शेतकऱ्याला पर्याय नव्हता. गाडी भरून आणलेला गूळ परत न्यायचा तर भाडं कोण देणार? याला पर्याय होता, आणि खोली स्वस्तही पडत होती. तरी एक गोष्ट मला खटकली. समजा हॉटेल साठ डॉलरला तयार होतं आणि आपण ऐंशी लिहिले, तर वरचे वीस मधल्या कंपनीचे. आपण आपला हात उघडा करून दाखवायचा, समोरचा हात मात्र झाकलेला! पूर्वी रुमालाबाहेर विकणारा उभा असायचा, इथं घेणारा. मधला मात्र दोन्हीकडे आतच.

लोक हुशार असतात. कुठल्या भागात किती तारांकित हॉटेलं आहेत, कालपरवा कुणाची बोली कितीला लागली, याचे ठोकताळे त्यांनी एकमेकांना सांगायला सुरुवात केली. पडदा असा हळूहळू विरत गेला. पुढे २०१६ साली कंपनीनं विमानाच्या तिकिटांसाठीची ही बोली बंद केली. घासाघीस करण्यापेक्षा मोबाइलवर दहा दर शेजारी ठेवून पाहणं लोकांना सोपं वाटू लागलं होतं.

असो. भाचरं-नातवंडं आता फोनवर खोली ठरवतात आणि "आजी, निम्म्या दरात मिळाली!" म्हणून सांगतात. मला आनंदच होतो. फक्त एवढंच विचारते, की बाळा, हा निम्मा कशाचा? पूर्ण दर किती हे तुला कुणी सांगितलं? खोली विकणाऱ्यानंच ना? मग अजून एक-दोन ठिकाणी विचार, आणि थेट हॉटेलला एक फोन कर. पाडव्याच्या सौद्यात चार जणांच्या बोली कानानं ऐकणारा शेतकरी हेच तर करत असतो.